बाटची गंगाजळी आणि चार मीटर खोल तळे

2 जुलै 1997 रोजी थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने बाट या आपल्या चलनाची डॉलरशी घातलेली गाठ सोडली. त्याआधी कित्येक वर्षे डॉलरचा भाव 25 बाटच्या आसपास स्थिर होता. जानेवारी 1998 मध्ये तो 56 च्या घरात गेला. ज्या बांधकाम कंपनीने दहा लाख डॉलरचे कर्ज उचलले होते तिच्या हिशेबी ते अडीच कोटी बाटचे होते, आणि जेमतेम सहा महिन्यांत त्याच कर्जाचे साडेपाच कोटींहून अधिक बाट झाले. कंपनीची कमाई मात्र बाटमध्येच होती. बँकॉकमधली साथोर्न युनिक ही 49 मजली इमारत त्या वर्षी जिथे थांबली तिथेच, अर्धवट अवस्थेत, पुढे अनेक वर्षे उभी राहिली. संकटाची लाट लवकरच मलेशिया, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियापर्यंत पोहोचली.

हे घडले कसे, ते समजून घ्यायला हवे. 1993 पासून थायलंडमध्ये परदेशी कर्ज घेण्याचा मार्ग अधिक मोकळा झाला होता. परदेशात व्याज कमी, देशात जास्त, आणि डॉलरचा भाव तर ठरलेला. मग अल्प मुदतीचे डॉलर आणून ते जमिनी, इमारती आणि शेअर यांत गुंतवण्याचा मोह कोणाला आवरणार? इमारतीचे पैसे सुटायला दहा वर्षे लागतात आणि कर्ज मात्र वर्षाच्या आत फेडायचे असते. नवे कर्ज मिळत राहील तोवरच हा खेळ चालतो. सटोडियांनी बाटवर हल्ला चढवला तेव्हा मध्यवर्ती बँकेने भाव टिकवण्यासाठी डॉलर विकले, आणि त्यातले बरेचसे वायदे करून विकले, म्हणजे पुढच्या तारखेला देण्याचे कबूल केले. परिणामी 1997 च्या सुरुवातीला 38 अब्ज डॉलरच्या आसपास दिसणाऱ्या साठ्यातून ही देणी वजा केल्यावर, गाठ सुटली त्या वेळी खरोखर वापरता येण्याजोगे जेमतेम 2.8 अब्ज डॉलर शिल्लक होते. परकीय चलनाच्या साठ्याला मराठीत आपण गंगाजळी म्हणतो. तो शब्द इथे फारच चपखल बसतो, कारण या संकटाला थायलंडमध्ये जे उत्तर सुचवले गेले त्याच्या मुळाशी खऱ्याखुऱ्या पाण्याचाच हिशेब होता.

4 डिसेंबर 1997 रोजी, आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, थायलंडचे राजे भूमिबोल यांनी केलेल्या भाषणाचा आशय असा होता, की देशाने आशियाई वाघ, म्हणजे झपाट्याने वाढणारी अर्थव्यवस्था, होणे महत्त्वाचे नाही, राहण्या-खाण्यापुरते आपल्याजवळ असणे महत्त्वाचे आहे. थाई भाषेत यासाठी ‘फो यू फो किन’ असा साधा, घरगुती शब्दप्रयोग आहे: राहायला पुरेसे, खायला पुरेसे. प्रत्येक घराने आपले धान्य पिकवावे आणि आपले कापड विणावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. गाव किंवा गावांचा गट बऱ्यापैकी स्वयंपूर्ण असावा आणि वरकड माल शक्यतो जवळच्या बाजारात विकावा, एवढीच अपेक्षा होती. अर्थव्यवस्थेचा चौथा हिस्सा जरी असा झाला तरी भागेल, असेही त्यांनी सांगितले. पुढे ‘पुरेशी अर्थव्यवस्था’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या विचाराचे तीन आधार मानले जातात: मात्रा ओळखणे, कारण जाणून निर्णय घेणे आणि धक्का पचवण्याची प्रतिकारशक्ती राखणे. बुद्धाची मज्झिम पटिपदा, म्हणजे मध्यम मार्ग, ज्यांना परिचित आहे त्यांना यातला पहिला आधार ओळखीचा वाटेल.

माझ्या मते या विचारातला सर्वांत मोलाचा भाग तिसऱ्या आधारात आहे, आणि तो तत्त्वचर्चेपेक्षा शेतात अधिक स्पष्ट दिसतो. संकटाच्या आधीच, सराबुरी प्रांतातल्या एका बौद्ध विहाराजवळच्या जमिनीवर, ‘नवा सिद्धांत’ नावाने शेतीचा एक आराखडा करून पाहिला गेला होता. त्यात शेत 15 राय धरले होते. एक राय म्हणजे 1600 चौरस मीटर, आपल्या मापाने सुमारे 16 गुंठे. तेव्हा 15 राय म्हणजे साधारण सहा एकर. त्यातले 5 राय भाताला, 5 राय फळझाडे व भाजीपाल्याला, 3 राय तळ्याला आणि 2 राय घर, गोठा आणि वाटांना. पुढे हे प्रमाण, तळ्याचा वाटा वाढवून, ढोबळ मानाने 30:30:30:10 असे सांगितले जाऊ लागले. भाताचे 5 राय बाजारासाठी नव्हेत. एका कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ घरातच असावा, म्हणजे भाव पडला किंवा शहरातली नोकरी सुटली तरी चूल पेटती राहील, हा त्यामागचा हेतू.

आता तळे पाहू. 3 राय क्षेत्र आणि 4 मीटर खोली धरली तर त्यात सुमारे 19,000 घनमीटर पाणी मावते. दर रायला वर्षाला 1000 घनमीटर या हिशेबाने दहा राय पिकांना 10,000 घनमीटर पाणी लागते. वरवर पाहता पाणी जवळजवळ दुप्पट आहे. पण पाऊस नसलेल्या दिवशी तळ्याची पातळी बाष्पीभवनाने सरासरी एक सेंटिमीटर उतरते, असे या हिशेबात धरले आहे, आणि वर्षातले असे दिवस 300 मानले आहेत. म्हणजे तीन मीटर पाणी हवेत गेले. तळाशी उरला एक मीटर, म्हणजेच 4,750 घनमीटर: गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

या एका सेंटिमीटरकडे थोडे निरखून पाहण्यासारखे आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरचा सेंटिमीटरभर थर म्हणजे दहा लिटर पाणी, आणि त्याची वाफ व्हायला सुमारे 24 मेगाज्यूल उष्णता लागते. थायलंडमध्ये एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी 18 मेगाज्यूलच्या आसपास सौर ऊर्जा पडते आणि तिचाही काही भाग परावर्तित होतो. तेव्हा रोज एक सेंटिमीटर हा अंदाज नेहमीच्या दिवसाचा नसून कडक ऊन आणि कोरडा वारा असलेल्या दिवसाचा आहे. चांगल्या दिवसांची सरासरी न धरता वाईट दिवस धरून तळे खणले, यातच मला या आराखड्याचे शहाणपण दिसते. आपल्याकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यातही झिरपणे थांबते, पण उन्हाने उडणारे पाणी थांबत नाही, हे प्रत्येक शेततळेवाल्याला एप्रिल-मेमध्ये कळतेच. तळ्याच्या उतारावर वाळा लावण्याचा प्रसारही राजांनी केला. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात, माती धरून ठेवतात आणि गाळ तळ्यात उतरू देत नाहीत.

तळे पुरत नाही, हे हिशेबानेच दाखवल्यावर उत्तर काय? मोठ्या जलाशयाने लहान जलाशय भरायचा आणि लहान जलाशयाने शेततळी भरायची. स्वावलंबनाचा अर्थ एकटे पडणे असा इथे घेतलेलाच नाही. आराखड्याचा दुसरा टप्पा शेतकऱ्यांनी उत्पादन, विक्री, शिक्षण यांसाठी गट किंवा सहकारी संस्था उभारण्याचा आहे आणि तिसरा टप्पा त्या गटांनी बँका, गिरण्या व कंपन्यांशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार करण्याचा. क्रम महत्त्वाचा: आधी घरातला तांदूळ, मग गट, मग बँक. 1997 पूर्वीच्या थायलंडमध्ये नेमके उलट झाले होते.

देशाच्या पातळीवरही थायलंडने तळ खोल केला, असे म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने मिळालेल्या 17.2 अब्ज डॉलरच्या मदतीतले नाणेनिधीचे कर्ज 2003 साली मुदतीआधीच फेडले गेले आणि गंगाजळी पुढे 200 अब्ज डॉलरच्या वर गेली. 2000 साली थायलंडमधल्याच चिआंग माई शहरात आग्नेय आशियाई देशांनी चीन, जपान व दक्षिण कोरियासह, अडचणीत आलेल्या देशाला शेजाऱ्यांनी चलन पुरवायची व्यवस्था ठरवली. मोठ्या जलाशयाने लहान जलाशय भरण्याचीच ही रीत.

गावांत मात्र चित्र इतके सरळ नाही. ज्याच्याजवळ सहा एकर आहेत तो तीन राय तळ्याला देऊ शकतो. ज्याच्याजवळ एकच एकर आहे त्याने तळे खणले तर भात कुठे लावायचा? ईशान्येकडच्या ईसान भागात अनेक ठिकाणी माती वालुकामय आहे, तिथे पाणी तळ्यात ठरत नाही, आणि कुठे जमिनीखालचे मीठ वर येते. भूमिहीन मजुरासाठी तर आराखड्यात जागाच नाही. 2007 च्या थाई राज्यघटनेत पुरेशा अर्थव्यवस्थेचे तत्त्व घातले गेले. तरी अलीकडच्या वर्षांत थाई कुटुंबांवरचे कर्ज देशाच्या एकूण उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या आसपास पोहोचले आहे. सरकारी गंगाजळीत चार मीटर पाणी आहे, पण त्यातून घराघरातली तळी भरणारे पाट अजून खणायचे आहेत.