बरं नाही झालं म्हणजे विश्वास कमी पडला?

विश्वास पक्का असेल तर आजार जाणारच, नाही गेला म्हणजे तुझ्याच मनात खोट, हे बायबलच्या नावाने वर्षानुवर्षं फिरतंय, पण तिथे असं सरसकट कुठेच नाहीये. रक्तस्रावाचा आजार असलेल्या बाईला येशू म्हणतो तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं, तेवढंच सगळे सांगतात. बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाचा ५ वा अध्याय पण वाचा ना, ३८ वर्षं आजारी असलेला माणूस, त्याला येशूने विचारलं काय तर बरं व्हायचंय का, आणि बरा झाल्यावरही कोणी केलं हे त्याला माहीत नव्हतं! येशूचा प्रेषित पौल, त्याने तर शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनवलं, नाही गेला, आता पौलाचाच विश्वास कच्चा म्हणायचा का? आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, त्यानेच पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्रफिम नावाच्या दुसऱ्या सोबत्याला मिलेत शहरात आजारीच सोडून आला.