दोन ट्रॉल्या ऊस आणि एका मायक्रॉनचं ऑईल

गळीत हंगाम तोंडावर आला की इस्लामपूर-कराड पट्ट्यात ऑईलच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "लोडवर चालवायचंय, जाड ऑईल द्या." मग २०डब्ल्यू-५०चा डबा काउंटरवर येतो आणि गिऱ्हाईक समाधानानं घरी जातं. जाड ऑईल म्हणजे दमदार ऑईल, ही समजूत ट्रॅक्टरवाल्यांत आणि ट्रकवाल्यांत सारखीच पक्की आहे. ती साफ खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे, आणि ओढकाम करणाऱ्या इंजिनाचं नुकसान व्हायला तेवढं पुरतं.

आधी ऑईलवर भार येतो तरी किती, ते पाहू. ट्रॉलीतल्या उसाचं वजन टायर पेलतात. ऑईलच्या वाट्याला येतो तो ज्वलनाचा दणका. पिस्टनचा व्यास १० सेंटिमीटर धरा, म्हणजे माथ्याचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर. टर्बो असलेल्या डिझेल इंजिनात पूर्ण लोडवर सिलिंडरमधला दाब १५० बारच्या, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोच्या, घरात जाऊ शकतो. गुणाकार केला की पिस्टनवरचा रेटा निघतो सुमारे १२ टन. तो कनेक्टिंग रॉडमधून थेट क्रँकच्या (पिस्टनची खालीवर हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर उतरतो. इंजिन २,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक याप्रमाणे प्रत्येक सिलिंडर असा दणका मिनिटाला हजार वेळा देतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्या मध्ये असतो फक्त ऑईलचा थर, आणि ऐन भाराच्या क्षणी तो एखाद-दुसऱ्या मायक्रॉनइतकाच उरतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो.

इतका पातळ थर पिळून बाहेर कसा पडत नाही, याचं उत्तर पहिल्यांदा हाती लागलं ते अपघातानं. १८८३च्या सुमारास बोशाँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑईल सोडण्यासाठी त्यानं बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्या भोकातून ऑईल उलटं वर यायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी तिथं प्रेशर गेज बसवल्यावर कळलं, की फिरणारा आस ऑईलला स्वतःच निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथं प्रचंड दाब तयार होतो. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सनं त्याचं गणित मांडलं. पावसात भरधाव गाडीचं टायर पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं ना, भौतिकशास्त्र तेच. रस्त्यावर ते जीव घेतं, इंजिनात तेच क्रँकला वाचवतं.

या गणिताचा व्यवहारातला अर्थ फार उपयोगी आहे. थराची जाडी तीन गोष्टींवर ठरते: ऑईलचा दाटपणा आणि फिरण्याचा वेग वाढला की थर वाढतो, भार वाढला की घटतो. तिन्हींपैकी दाटपणा आपण दुकानात विकत घेतो. वेग मात्र ड्रायव्हरच्या हातात असतो. खंबाटकीचा चढ किंवा शेतातून डांबरीवर निघतानाची चढण वरच्या गिअरमध्ये रेटत नेली, इंजिन १,१०० आरपीएमवर घरघर करू लागलं, तर वेग कमी आणि भार जास्त अशा दोन्ही बाजूंनी थर दबतो. डिझेल वाचेल म्हणून गिअर न पाडणारा ड्रायव्हर बेअरिंग झिजवत असतो, आणि ती झीज कुठलाही महागडा डबा भरून काढत नाही. वेळेवर गिअर पाडणं हे माझ्या मते ऑईल निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आता दाटपणाकडे. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती दाट आहे ते सांगतो: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स (हे दाटपणाचं एकक). तेच ऑईल ४० अंशांना शंभराच्या पुढे असतं. म्हणजे सकाळी डिपस्टिकवर बोटाला लागतं ते आणि भरल्या गाडीत चढावर फिरतं ते, ही जवळजवळ दोन वेगळी द्रव्यं आहेत. बोटानं चोळून "ह्यात दम हाय" म्हणणाऱ्या मिस्त्रीचा अनुभव दांडगा असेल, पण त्याचं बोट १५० अंशांना चालत नाही.

बेअरिंगच्या आत तापमान तिकडे झुकतं. म्हणून खरी परीक्षा १५० अंशांना, अतिवेगानं घासत घेतात. तिला एचटीएचएस म्हणतात, आणि एकक असतं सेंटिपॉइज. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० या दोघांनाही तिथं किमान ३.७ मिळवावे लागतात. ५०च्या ग्रेडला किती? तिलाही किमान ३.७च. पन्नासचं ऑईल प्रत्यक्षात सहसा वर असतं हे खरं, पण प्रमाणित हमी मात्र चाळीसपेक्षा तसूभरही जास्त नाही. आणखी गंमत म्हणजे ५डब्ल्यू-४० या महागड्या सिंथेटिकची किमान अट ३.५ आहे. तेव्हा डब्यावरचे ठळक आकडे पाहून भारासाठीची निवड होत नाही. कंपनीच्या तांत्रिक पत्रकावर एचटीएचएसचा आकडा बहुतेक वेळा छापलेला असतो. तो चार किंवा त्याच्या वर दिसला तर ओढकामाला उत्तम.

जाड ऑईलला स्वतःची किंमत असते. दाट द्रव घासला की तापतो, म्हणजे बेअरिंगमध्ये उष्णता तेच वाढवतं. पिस्टनच्या पोटावर ऑईलचे फवारे मारून त्याला थंड करणारी इंजिनं आता सर्रास आहेत, टर्बोची बेअरिंगही ऑईलवरच जगते. तिथं ऑईल किती वाहतं याला महत्त्व. जाड ऑईल टाकल्यावर प्रेशरचा काटा वर चढतो आणि मालक खूश होतो. पण तो काटा अडथळा दाखवतो, प्रवाह नाही. पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) उघडला की उरलेलं ऑईल बेअरिंगकडे न जाता परत चेंबरमध्ये पडतं.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो; त्यासाठी आपल्याकडे फारसं डोकं शिणवू नये. १५डब्ल्यूची थंडीची चाचणी उणे २० अंशांना होते. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तिथंही १५डब्ल्यू निवांत चालेल.

जास्त डोकं शिणवायचं ते डब्यावरच्या लहान अक्षरांवर: सीआय-४ प्लस, सीके-४ वगैरे. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची प्रतवारी आहे आणि तिचा मुख्य विषय दाटपणा नाही. काजळी, आम्ल, झीज यांच्याशी ऑईल कसं झुंजतं ते ती सांगते. सीआय-४ आलं २००२ मध्ये, सीके-४ डिसेंबर २०१६ मध्ये. दोघांतला आपल्या कामाचा फरक राखेचा. ऑईलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेली रसायनं घातलेली असतात. ऑईल थोडं थोडं जळतंच, आणि जळालं की या धातूंची राख मागं उरते. जुन्या ट्रॅक्टरमध्ये ती धुराड्यातून निघून जाते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकमध्ये मात्र धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाचा गाळणा असतो. त्यात अडकलेली काजळी जाळून साफ करता येते, राख जाळता येत नाही. ती साचत जाते. म्हणून सीके-४ मध्ये राखेचं प्रमाण एक टक्क्यावर बांधलेलं आहे. बीएस-६ गाडीत दोन पैसे वाचवायला जुन्या प्रतीचं ऑईल ओतणं म्हणजे गाळण्याचं आयुष्य कमी करणं, आणि गाळण्याची किंमत एकदा विचारून बघाच.

उलट बाजूनं अडचण नाही. सीके-४ जुन्या इंजिनालाही चालतं. तरी डीपीएफ नसलेल्या ट्रॅक्टरला चांगलं सीआय-४ प्लस १५डब्ल्यू-४० पुरेसं आहे, त्यात काजळी पेलायची ताकद भरपूर असते. ट्रॅक्टरच्या पुस्तकात २०डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच घाला. एफए-४ अशी अक्षरं दिसली तर डबा खाली ठेवा. ते मुद्दाम पातळ केलेलं ऑईल आहे आणि आपल्या ओढकामाच्या इंजिनांसाठी नाही.

बदलायचं कधी, यात उसाच्या वाहतुकीचा पेच वेगळा आहे. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत गाड्यांची रांग, आणि कित्येक इंजिनं पुढं सरकायच्या आशेनं नुसती चालू. किलोमीटर शून्य, तास मात्र पडत राहतात. रिकाम्या चालीत इंजिन पुरेसं तापत नाही, अर्धवट जळालेलं डिझेल पिस्टनच्या कडेनं ऑईलमध्ये उतरतं आणि ते पातळ करतं. ट्रकवाल्यानं किलोमीटर मोजून चालत नाही; ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं तसा तासांचा हिशोब ठेवावा. सतत लोडवर चालणाऱ्या गाडीचा अवधी पुस्तकातल्या 'कठीण वापरा'च्या रकान्यातून घ्यायचा. कारण साधं आहे: ऑईलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं सडणं ढोबळमानानं दुप्पट वेगानं होतं. फडातल्या रस्त्यांची धूळ आहेच, त्यामुळे एअर फिल्टर फाटका असेल तर ऑईलची चर्चाच व्यर्थ.

ऑईल काळं झालं म्हणजे संपलं, असं मात्र नाही. डिझेल इंजिनात ते लवकर काळं पडतं आणि पडायलाच हवं. काजळी चिकटून न बसता त्यात तरंगती राहते, याचा तो पुरावा. संपलं की नाही हे पाहायचं तर टीपकागद घ्या. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरून एक थेंब त्यावर सोडा आणि कागद काही तास आडवा राहू द्या. डाग मधून कडेपर्यंत सारखा करडा पसरला, तर ऑईल अजून काजळी वाहून नेतंय. मध्ये घट्ट काळा टिळा, त्याला ठसठशीत कड आणि भोवती फिकट रिंगण दिसलं, तर काजळी गोळा होऊ लागली आहे. पुढच्या खेपेआधी ऑईल आणि फिल्टर दोन्ही काढा. डागाच्या बाहेर लांबवर पसरलेलं तेलकट, पारदर्शक कडं उमटलं तर ते डिझेल आहे. तेव्हा ऑईलचा ब्रँड बदलून उपयोग नाही, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासायला द्यावे लागतील.