दोरी गाडीला नेमकी किती ओढते?

गुळगुळीत फळीवर चाकांची छोटी गाडी, तिला बांधलेली दोरी, फळीच्या टोकाला कप्पी आणि कप्पीवरून खाली लोंबणारं वजन. न्यूटनचा दुसरा नियम (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणजेच वेग वाढण्याचा दर) पडताळायला एवढं पुरतं. तरीही या प्रयोगाचं गणित बऱ्याचदा एकाच जागी चुकतं. ती चूक उमगली की नियमाचा गाभा हाती लागतो.

समजा, गाडी ५०० ग्रॅमची आणि टांगलेलं वजन ५० ग्रॅमचं आहे. पृथ्वी त्या वजनाला ०.०५ गुणिले ९.८, म्हणजे ०.४९ न्यूटन बलानं खाली ओढते. हे बल गाडीच्या अर्ध्या किलोनं भागलं की त्वरण येतं ०.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग. प्रत्यक्ष मोजल्यावर मात्र ते ०.८९ च्या आसपास भरतं आणि सगळा दोष घर्षणावर ढकलला जातो. घर्षण अजिबात नसतं तरी उत्तर ०.८९ च आलं असतं! कारण त्या ०.४९ न्यूटनला गाडीबरोबर खुद्द टांगलेल्या वजनालाही वेग द्यायचा असतो. हलतं ते एकूण ५५० ग्रॅम वस्तुमान.

मग दोरी गाडीला किती ओढते? आता हिशेब एकट्या गाडीचा: ०.५ गुणिले ०.८९, म्हणजे सुमारे ०.४४५ न्यूटन. गाडी हातानं धरून ठेवलेली असते तेव्हा दोरीतला ताण पुरता ०.४९ असतो. हात सोडताक्षणी तो उतरतो. कुठलंही गणित मांडण्याआधी आपण कोणत्या वस्तूचा हिशेब करतोय ते ठरवायचं आणि फक्त तिच्यावर लागणारी बलं मोजायची. निम्मं काम तिथंच होतं.

त्वरण बलाच्या प्रमाणात वाढतं हे दाखवायचं, तर एकूण वस्तुमान बदलता कामा नये. त्यासाठी १० ग्रॅमची जास्तीची वजनं गाडीतच ठेवावीत आणि एकेक काढून खालच्या आकड्याला अडकवावीत. सगळं मिळून ५५० ग्रॅम असेल आणि गाडी स्थिर अवस्थेतून सुटत असेल, तर १० ग्रॅम टांगल्यावर एक मीटर अंतराला सुमारे ३.३५ सेकंद लागतात, ४० ग्रॅम टांगल्यावर १.६८ सेकंद. बल चौपट, वेळ निम्मा. वजनं बाहेरून आणून नुसती टांगत गेलात, तर हलणारं वस्तुमानही दरवेळी वाढतं आणि बल-त्वरणाचा आलेख सरळ न राहता खाली वाकू लागतो.

घर्षणाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. दोरी सोडून टाका, फळीचं कप्पीच्या विरुद्ध बाजूचं टोक हळूहळू उचला आणि गाडीला हलकी टिचकी मारा. ती न मंदावता, न वेग घेता एकसारखी चालली की उतार बरोबर जमला. घर्षण गाडीच्या वजनाच्या दोन टक्के असेल, तर मीटरभर फळीला साधारण २ सेंटीमीटर उंची पुरते. उतार कमी पडला तर थोडं बल लावूनही गाडी जागची हलत नाही. जास्त झाला तर बल शून्य असतानाही त्वरण दिसतं. दोन्ही चुका आलेखावर लगेच कळतात, कारण रेषा शून्यातून जात नाही. दोरी फळीला समांतर हवी, हेही पाहून घ्यावं. ती तिरकी असेल तर ओढीचा काही भाग गाडीला वर उचलण्यात किंवा खाली दाबण्यात जातो.

वेळ मोजताना घाई नको. दीड सेकंदाच्या मापात ०.१ सेकंदाची चूक झाली तर त्वरणात जवळपास १३ टक्क्यांचा फरक पडतो, कारण त्वरणाच्या सूत्रात (अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग) वेळेचा वर्ग आहे. हातातल्या स्टॉपवॉचपेक्षा मोबाइलचं स्लो मोशन चित्रीकरण कितीतरी बरं. सेकंदाला २४० चौकटी असतील तर दोन चौकटींमधलं अंतर जेमतेम ४ मिलिसेकंद असतं.

एवढं करूनही त्वरण किंचित कमी भरलं, तर चाकांकडे बघा. चाकं पुढे सरकतात आणि स्वतःभोवती फिरतातही, आणि फिरवण्यासाठी बल वेगळं खर्ची पडतं. भरीव तबकडीसारखं २० ग्रॅमचं चाक ३० ग्रॅमचं असल्यासारखं वागतं. अशी चार चाकं असतील तर हिशेबात ४० ग्रॅमची भर पडते.

शेवटी एक अदलाबदल करून बघा. गाडी ५० ग्रॅमची आणि टांगलेलं वजन ५०० ग्रॅमचं (खाली जाड कापडाची घडी ठेवा, ते जोरात आपटतं). त्वरण चढून ८.९ वर जातं. वजन कितीही वाढवलं तरी ९.८ मात्र ते ओलांडत नाही, कारण मोकळं पडणारं वजनसुद्धा तेवढ्याच त्वरणानं पडतं. आणि दोरीतला ताण? ०.०५ गुणिले ८.९, म्हणजे पुन्हा तेच, ०.४४५ न्यूटन. टांगलेलं वजन दहापट झालं, पण दोरीवरचा भार तसूभरही वाढला नाही. ताणाच्या सूत्रात अंशस्थानी दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार येतो आणि छेदस्थानी बेरीज, त्यामुळे गाडी कोणती आणि वजन कोणतं यानं दोरीला काहीच फरक पडत नाही.