तारेची गाठ, सळईची जागा

स्लॅबची जाळी बांधणारा फिटर सळया जिथे एकमेकींवरून जातात तिथे मऊ तारेचा दुपदरी तुकडा घालतो, आकड्याने दोन-तीन पीळ देतो आणि पुढे सरकतो. पाहणाऱ्याला वाटतं, या गाठींमुळेच बांधकाम भक्कम होतं. पण काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या तारेला भार उचलण्याचं काम जवळजवळ उरतच नाही. सळईच्या अंगावरचे उंचवटे काँक्रीटला पकडतात आणि त्या पकडीतूनच भार सळईत उतरतो. तारेचं काम त्याआधीचं. काँक्रीट ओतताना, माणसांच्या पायाखाली, व्हायब्रेटरच्या थरथरीत सळई ठरल्या जागेवरून हलू द्यायची नाही.

जागेला एवढं महत्त्व आहे, कारण काँक्रीट दाब भरपूर सोसतं. ओढ मात्र त्याच्या सुमारे एक दशांशच. म्हणून जिथे ओढ बसते तिथेच लोखंड हवं. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबमध्ये ती मधल्या भागात, खालच्या अंगाला बसते. बाहेर काढलेल्या बाल्कनीत सगळं उलटं असतं: ओढ वरच्या अंगाला आणि आधाराजवळ सर्वांत जास्त.

समजा बाल्कनी 150 मिमी जाड आहे. वरून 20 मिमी आत 10 मिमीची सळई आहे, म्हणजे खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत 125 मिमी अंतर. जाळीखाली टेकू म्हणून ठेवायच्या चेअर कमी पडल्या, कुणाचा तरी पाय पडला आणि जाळी 40 मिमी खाली गेली, तर उरतात 85. लोखंड तेवढंच, सिमेंटही तेवढंच, पण ताकद या अंतराबरोबरच सुमारे एक तृतीयांशाने घटली. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मला सर्वांत भीती वाटते ती याचीच. नुसत्या गाठी इथे पुरत नाहीत. जाळी वर उचलून धरणाऱ्या चेअरही तितक्याच पक्क्या हव्यात.

सळई बाहेरच्या बाजूला सरकली तर धोका वेगळा. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईवर गंज रोखणारा अतिशय पातळ थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता कमी करतो. तो जितका खोल जातो, तितका त्याचा वेग मंदावतो. दुप्पट खोलीला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, 20 मिमीऐवजी 10 मिमी राहिलं, तर संरक्षणाचा काळ निम्मा नव्हे, पावच उरतो. पुढे गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटचे पापुद्रे आतून उचकटतो.

ही तार तापवून सावकाश थंड केलेली असते, म्हणून ती सहज वळते. पण पीळ देता देता ती कडक होत जाते आणि अती पिळली की तुटते. गाठ घट्ट बसताक्षणी थांबायचं, हे फिटरच्या मनगटाला कळतं. मग तारेची टोकं आत वळवायची. बाहेर डोकावणारं टोक कव्हरमध्ये घुसतं, गंजतं आणि पृष्ठभागावर तांबूस डाग उमटवतं.