अलंकार (मराठी साहित्य)

बोलण्यालिहिण्याला सौंदर्य, जोर किंवा नेमकेपणा आणणाऱ्या शब्दांच्या वा अर्थाच्या रचनेला अलंकार म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक हे चारच अलंकार आहेत. नंतरच्या संस्कृत ग्रंथांत त्यांची संख्या शंभरापलीकडे गेली. शालेय मराठीत त्यांतले मोजकेच येतात.

अर्थालंकारांचा गाभा साम्यात असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे उदाहरण घेऊ. ‘कणसातले दाणे मोत्यांसारखे टपोरे’ ही उपमा. यात दाणे हे उपमेय, मोती हे उपमान, टपोरेपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द. ‘दाणे जणू मोतीच’ म्हटले की उत्प्रेक्षा होते. ‘ज्वारीच्या मोत्यांनी कणगी भरली’ हे रूपक. दोहोंतला भेद इथे उरत नाही. ‘हे दाणे नव्हेत, मोती आहेत’ ही अपन्हुती, तर ‘मोत्यांहून सरस दाणे’ हा व्यतिरेक. आणि ‘मंगळवेढ्याची ज्वारी ती मंगळवेढ्याचीच ज्वारी’ हा अनन्वय. तो तिथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही.

विद्यार्थी बहुधा खुणेचे शब्द पाठ करतात. गुण मिळतातही, पण ही वाट फसवी आहे. मंगळवेढ्यात १३३८ मध्ये निधन पावलेल्या संत चोखामेळ्यांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा अभंग पाहा. ‘परी’ हा शब्द उपमेच्या यादीत असल्यामुळे पुष्कळ जण इथे उपमा लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘पण’ असा आहे. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. धनुष्य आणि बाण, नदी आणि पाणी यांचेही तसेच. म्हणून चोखा वाकडा असला तरी त्याचा भाव वाकडा नाही. एक गोष्ट पटवण्यासाठी तशाच दुसऱ्या गोष्टींचे दाखले दिल्यामुळे हा दृष्टान्त ठरतो.

शब्दालंकारांची गंमत कानाची. एकाच अक्षराची पुनरावृत्ती म्हणजे अनुप्रास, चरणाच्या शेवटी जुळणारी अक्षरे म्हणजे यमक. सोलापूरचे शाहीर राम जोशी या दोन्हींत तरबेज होते. त्यांनी संस्कृतातही लावण्या रचल्या. श्लेषात एका शब्दातून दोन अर्थ निघतात: ‘गिरणी बंद पडली आणि माग उरला नाही.’ यात कापड विणण्याचा मागही गेला आणि खूणही.