खेळातून शिक्षण आणि जगाचे भान : पार्श्वभूमी

लहान मुलांनी खेळत शिकावे आणि शिकताना स्वतःपलीकडच्या जगाशीही त्यांची ओळख व्हावी, या दोन अपेक्षा आता पूर्वप्राथमिक शिक्षणात एकत्रच मांडल्या जातात. त्या जुळून येण्यास मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्यात शिक्षणशास्त्राइतकाच राजकारणाचाही वाटा होता.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिचे ‘किंडरगार्टन’ (मुलांची बाग) असे नामकरण केले. त्यांच्या खेळसाहित्यातील पहिल्या संचात दोऱ्या लावलेले सहा रंगीत लोकरी चेंडू होते, तर तिसऱ्या संचात आठ छोट्या ठोकळ्यांचा मिळून बनलेला लाकडी घन होता. त्यातून खुर्ची किंवा जिना रचताना आठही ठोकळे उपयोगात आणायचे आणि झालेली रचना न मोडता तिच्यातूनच पुढची घडवायची, असा दंडक होता. आजच्या मुक्त खेळाच्या कल्पनेत ही शिस्त बसणार नाही. तरीही खेळ हा अभ्यासाच्या मधला विरंगुळा नसून अभ्यासच आहे, हे येथे प्रथमच इतक्या पद्धतशीरपणे मांडले गेले.

तेव्हाच्या प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याच्या सरकारने १८५१ मध्ये नास्तिकता आणि समाजवाद पसरवल्याचा ठपका ठेवून किंडरगार्टनवर बंदी घातली. ती १८६० पर्यंत टिकली; फ्रोबेल मात्र १८५२ मध्येच निवर्तले. १८४८ च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या जर्मन कुटुंबांबरोबर ही पद्धत परदेशी पोहोचली होती. मार्गारेटे शुर्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथे जर्मन भाषेत किंडरगार्टन चालवले, आणि १८७६ मध्ये टोकियोतही ते सुरू झाले. प्रसार जगभर झाला, पण साहित्य आणि त्यामागची बालकाची कल्पना युरोपीयच राहिली.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. कल्पनारम्य खेळाविषयी त्या साशंक होत्या आणि मुलाच्या कृतीला ‘काम’ म्हणत, त्यामुळे त्यांना खेळवादी परंपरेत सरसकट बसवता येत नाही. जागतिक शांततेचा पाया बालपणात घालावा लागतो, हा विचार मात्र त्यांनी १९३० च्या दशकात आग्रहाने मांडला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो एकट्या व्यक्तीचा राहिला नाही: बालशिक्षणाची जागतिक संघटना ‘ओमेप’ १९४८ मध्ये प्राग येथे स्थापन झाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ ने खेळाला हक्काचे स्थान दिले, तर कलम २९ ने शिक्षणाच्या उद्दिष्टांत लोकालोकांतील मैत्री आणि सहिष्णुता समाविष्ट केली.

जगभर एकच नमुना नेण्याच्या वृत्तीला ठोस पर्याय न्यूझीलंडने दिला. तेथे १९८२ पासून माओरी या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतील बालशाळांची चळवळ उभी राहिली होती. तिच्या राष्ट्रीय संस्थेच्या सहभागाने १९९६ मध्ये ‘ते व्हारिकी’ (विणलेली चटई) हा माओरी आणि इंग्रजी असा द्विभाषिक अभ्यासक्रम तयार झाला. विषयांच्या यादीऐवजी त्यात स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध असे पाच धागे आहेत, आणि मुलाचे कुटुंब व समाज यांना त्याच्या शिक्षणाचे अंग मानले आहे.