कानावर पडतं, पण मेंदू उठत नाही

फोन ‘टिंग’ वाजला की मेंदूत डोपामिन या रसायनाचा फवारा उडतो आणि आपण फोनचे गुलाम होतो, असं सांगणारे व्हिडिओ सध्या फार फिरतात. त्यात विज्ञान थोडं आणि अतिशयोक्ती जास्त. डोपामिनच्या पेशी जोरात पेटतात त्या अनपेक्षित बक्षिसाला. रोजच्या ‘आज खास सूट’मध्ये अनपेक्षित काय उरलं? मला त्याहून मोठं नवल वाटतं ते याचं, की तोच मेंदू त्याच आवाजाकडे दुर्लक्ष करायला इतक्या लवकर शिकतो.

त्याचं उत्तर एका समुद्री गोगलगायीकडे आहे. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कॅन्डेल यांनी अप्लिसिया नावाच्या या प्राण्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. अप्लिसियाच्या नळीला हलका स्पर्श केला की ती कल्ला, म्हणजे श्वास घेण्याचा अवयव, आत ओढून घेते. स्पर्श निरुपद्रवी आहे आणि तो पुन्हा पुन्हा होतो आहे, असं असेल तर कल्ला कमी कमी आखडतो. स्नायू दमलेला नसतो. स्पर्श ओळखणारी चेतापेशीही संदेश पाठवतच असते. पण पुढच्या पेशीशी तिची जिथे गाठ पडते, तिथे ती दर वेळी ग्लुटामेट हे रसायन कमी सोडते. थोडा वेळ थांबा, प्रतिसाद परत येतो. विहीर उपसल्यावर झऱ्यांनी पुन्हा भरावी, तसा.

मात्र दिवसाला दहा स्पर्श असे सलग चार दिवस दिले, तर हे दुर्लक्ष तीन आठवड्यांहून जास्त टिकतं. पेशींमधल्या जोडण्याच कमी होतात. माणसाचं लक्ष म्हणजे गोगलगायीचा कल्ला नव्हे, हे मान्य. तरीही रोज ठरल्या वेळी तेच वाक्य पाठवणारं अ‍ॅप नेमका हाच प्रयोग आपल्यावर करत असतं!

भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोच्या केव्हिन यान्सी आणि बर सेटल्स यांनी २०२० मध्ये, दुर्लक्षानंतर प्रतिसाद असा पुन्हा भरून येणं गणितात बसवलं. सरावाची आठवण करून देणारी अनेक वाक्यं त्यांच्याकडे होती. प्रत्येक वाक्याला दोन आकडे: त्याची मूळ परिणामकारकता आणि ते तुम्हाला नुकतंच दाखवलं असेल तर वजा होणारा दंड. हा दंड किरणोत्सारी पदार्थासारखा घातांकी वेगाने घटतो. समजा त्याचं अर्धायुष्य १५ दिवस आहे. मग १५ दिवसांनी दंड निम्मा, ३० दिवसांनी पाव, ४५ दिवसांनी एक अष्टमांश. दंड वजा करून उरलेल्या गुणांचं घातांकी फल काढून, म्हणजे जास्त गुणांना कितीतरी जास्त वजन देऊन, त्या प्रमाणात संभाव्यता वाटायची आणि त्यातून वाक्य निवडायचं. म्हणजे सर्वांत सरस वाक्य बहुतेकदा येतं, पण इतरांनाही संधी मिळते आणि त्यांची माहिती गोळा होत राहते. रोज अ‍ॅप वापरणाऱ्यांची संख्या यामुळे ०.५ टक्क्याने वाढली. आकडा लहान दिसतो, पण ती वाढ आधीच नीट चालणाऱ्या पद्धतीवर मिळवलेली आहे आणि एकही जादा संदेश न पाठवता.

सगळंच बंद करणं हाही उपाय नाही. भारतातल्या फोनधारकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नोटिफिकेशन्स दिवसातून तीनदा एकगठ्ठा मिळणाऱ्यांना जास्त बरं वाटलं, लक्षही जास्त लागलं. पूर्ण बंद केलेल्यांची चिंता मात्र वाढली.

ड्युओलिंगोच्या गणितातली एक जागा मला खटकते. तिथे यश मोजलं ते संदेशानंतर दोन तासांत धडा पूर्ण झाला का, यावर. वैतागून कुणी नोटिफिकेशनची परवानगीच काढून घेतली, तर तो तोटा या दोन तासांत दिसत नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या अ‍ॅपला ही परवानगी आधी मागावी लागते. आयफोनवर ती पूर्वीपासूनच मागावी लागत होती. एकदा गेलेली परवानगी सहसा परत येत नाही. त्यामुळे काही वापरकर्त्यांना मुद्दाम महिनोन् महिने कमी संदेश आणि बाकीच्यांना नेहमीइतके पाठवून, दोन्ही गटांत परवानगी किती जणांनी टिकवली, हे प्रत्येक कंपनीने मोजायला हवं.